खोकल्यानंतरचा अंतरा

ऐकबाईंच्या क्लासला गेलेल्या पोराच्या हाताला पहिला सगळा उन्हाळा व्हायोलिनचा नाही, लसणाचा वास यायचा. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका शाळेत जिन्याखाली त्यांची खोली होती. आत सतरंजी, सतरंजीवर जुनं वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर लसणाचा ढीग, आणि कोपऱ्यात सतत चालू असलेलं एक रेकॉर्डिंग. व्हायोलिनं भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेली असायची. तिकडं बघायचं नाही. लसूण सोलायचा. "हात गुंतला की कान मोकळा होतोय," एवढंच बाई म्हणायच्या. जास्त समजावून सांगायच्या नाहीत.

पालक चिडायचे. माझी आईही एकदा भांडायला गेली होती. "व्हायोलिन शिकाय धाडलीया, का चटणी कुटाय?" बाईंनी मान वर न करता उत्तर दिलं, "दोन्ही शिकंल की. तुमचं काय वाईट व्हतंय?" आणि खरंच, मे महिन्यात घरोघरी वर्षाची कांदा-लसूण चटणी होते, तेव्हा बाईंच्या चटणीची एकेक बरणी प्रत्येक मुलाच्या घरी यायची. आई ती चटणी वाढताना म्हणायची, "घ्या, लेकीचं व्हायोलिन."

ऐकबाई हे नाव आम्ही पोरांनी पाडलं. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, ते तिथंच राहिलं. त्या कधी 'वाजव' म्हणायच्या नाहीत. 'आदी ऐक' म्हणायच्या. चुकलं तर 'ऐक'. बरोबर आलं तर 'आता परत ऐक'. कुणी रडायला लागलं तर 'रड, पण रडत रडत ऐक'. त्यात त्यांचा स्वतःचा आवाज असा, की दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गातली मुलं दचकायची. एवढ्या मोठ्यानं बोलणारी बाई ऐकायला शिकवते, याचं नव्या माणसाला हसू यायचं. जुन्या कोल्हापुरी बायकांसारखं त्या स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी येतो' म्हणायच्या. संस्थेच्या सचिवांना ते खटकायचं. शिक्षिकेनं शुद्ध बोलावं, असं त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सुनावलं. "बोलतो की," बाई म्हणाल्या, "व्हायोलिनवर."

त्यांचं म्हणणं साधं होतं आणि ते मी इथं सरळ लिहिते, कारण ज्यांनी ते ऐकायला हवं होतं त्यांनी ऐकलं नाही. लेकरू बोलायला लागायच्या आधी वर्षभर नुसतं ऐकतं. घरात भांडणं चालू असतात, भाकरी थापली जात असते, कुणी कुणाला हाक मारत असतं, ते सगळं त्याच्या कानात जात असतं. मग एक दिवस ते बोलतं. "तवा कोण म्हणतंय का, लवकर बोल न्हायतर पटावरनं नाव काढतो?" बाई विचारायच्या. "मग व्हायोलिनलाच कसली घाई?" म्हणून प्रत्येक घरी रेकॉर्डिंग जायचं. आधी सीडीवर, मग पेन ड्राइव्हवर, शेवटी फोनवर. नियम असा, की त्याच्यासमोर मांडी घालून बसायचं नाही. सकाळी उठताना लागू दे, जेवताना लागू दे. पंख्यासारखं, घरातलंच एक असल्यासारखं. बाईंना वाजवणं ऐकून कळायचं कुणाच्या घरी लागतंय आणि कुणाच्या नाही. "तुझ्या घरात टीव्ही जिकलाय," त्या म्हणायच्या, आणि ते खरं निघायचं.

दुसऱ्या क्लासमधून आलेल्या एका मुलीच्या व्हायोलिनवर, बोटं कुठं ठेवायची ते कळावं म्हणून, रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. बाईंनी त्या नखानं खरवडून काढल्या. मुलगी घाबरून बघत राहिली. "हितं काय बी लिवलेलं नसतंय बाळा. सा कुठं हाय ते कानात असतंय. पट्टी बघून बोट ठेवलंस तर ते डोळ्यानं वाजवणं झालं. मग लोकांनी काय डोळ्यानं ऐकायचं व्हय?"

रेकॉर्डिंगं बरीच होती, पण आमचं खरं रेकॉर्डिंग एकच. अक्कांचा भूप. अक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. बाईंना त्यांनीच शिकवलं. त्या घराबाहेर कधी वाजवायला बसल्या नाहीत, आणि मी क्लासला जायला लागले त्याच्या कितीतरी आधी वारल्या. मागं राहिली ती घरातल्या टेपरेकॉर्डरवर भरलेली एक कॅसेट. त्यात अक्का भूपाची स्थायी वाजवतात, म्हणजे रचनेचा पहिला भाग. मग अंतरा सुरू व्हायच्या तोंडाशी आतल्या खोलीतून खोकला येतो. त्यांच्या आईचा. दम्याचा, खोल, लवकर न संपणारा. अक्का तारांवरचा गज उचलतात. वाजवत नाहीत. खोकला संपतो, भांडं वाजल्यासारखा आवाज होतो, आणि आतून बारीक आवाज येतो, "हं. वाजव." मग अंतरा.

आम्ही सगळे तो भूप असाच शिकलो. कुणी सांगितलं नव्हतं. स्थायी संपली की गज वर उचलायचा, थांबायचं, आणि मग अंतरा घ्यायचा. मला कॉलेजात जाईपर्यंत वाटत होतं, की भूप असाच असतो.

गडमुडशिंगीहून सानिका यायला लागली तेव्हा माझं शिकणं संपत आलं होतं. मी लहान मुलांना लसूण वाटून द्यायला बसायचे. सानिका अबोल. तिला बसनं घेऊन यायची तिची आई, आणि बोलायचं काम तीच दोघींचं करायची. घरात जागा नाही म्हणून तिनं रेकॉर्डिंग गोठ्यात लावलं होतं. पहाटे धार काढताना फोन खुंटीला अडकवायचा आणि अक्कांचा भूप चालू. महिन्याभरानं ती बाईंना म्हणाली, "बाई, पोरीचं म्हायती न्हाय, पर म्हस आता त्याच्याबिगर पान्हा सोडत न्हाय."

"मग म्हशीला आणा परीक्षेला," बाई म्हणाल्या. "पोरीला घरी ठेवा."

त्या दोघी हसल्या ते मला अजून ऐकू येतं. बाईंचं तसलं हसणं नंतर मी फारसं ऐकलं नाही.

परीक्षा झाली ती शाळेतच. बाहेरून परीक्षक आले होते. मुलं एकेक करून आत जात होती आणि आम्ही दाराबाहेर बसलो होतो. पहिल्या मुलानं भूप वाजवला, मध्ये थांबला. दुसरीनं वाजवला, तीही थांबली. तिसराही. सगळे त्याच जागी, तेवढाच वेळ, गज तसाच हवेत. सानिका थांबली तेव्हा परीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"इथं का थांबलीस?"

"तिथं आजी खोकत्यात."

"कोण आजी?"

"गाण्यातल्या."

"बरं. मग?"

"मग हं म्हणत्यात," सानिका म्हणाली. "मग पुढं."

परीक्षक हसले. वाईट माणूस नव्हता तो. बाहेर आल्यावर बाईंना म्हणाला, की इतक्या लहान मुलांचा सूर इतका चोख त्यानं क्वचित ऐकलाय. मग चहा घेताना त्यानं सचिवांना आजीच्या खोकल्याची गंमत सांगितली. सुराची गोष्टही सांगितली असणारच. सचिवांनी खोकला तेवढा ऐकला.

दुसऱ्या आठवड्यात बाईंना बोलावणं आलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि पत्रकं लिहायला लागले होते. बंद केलेल्या बसफेऱ्या, रस्त्यासाठी पाडलेली झाडं, शाळांमधून हळूच गायब होणारे चित्रकलेचे तास. बाईंच्या बरोबर मीही सचिवांच्या खोलीत गेले. सचिव म्हणाले, ही नक्कल आहे, शिक्षण नाही. मुलं खोकल्याला संगीत समजतात, आणि तेही संस्थेच्या नावावर. वेळापत्रकात ऐकण्याचा तास म्हणून मुलांनी लसूण सोलत बसायचं, हे कुठल्या नियमात बसतं? मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. रेकॉर्डिंग बदला, त्याच्या जागी पडद्यावर स्वर दाखवणारं एखादं तयार ॲप आणा, नाहीतर हेच रेकॉर्डिंग साफ करून घ्या. तेवढं केलं तर तास राहील, खोलीही राहील. नाही केलं तर खोली कीबोर्डच्या वर्गाला जाईल.

जिन्यात मी म्हटलं, "बाई, खोकला काढून टाकते मी. फोनवर होतं ते. कुणाला कळणार पण नाही."

मी काढला. दुसऱ्या दिवशी साफ केलेला भूप ऐकवला. बाई लसूण सोलत ऐकत होत्या. स्थायी संपली, आणि अक्का न थांबता सरळ अंतऱ्यात गेल्या. बाईंचा हात थांबला. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी.

"लई साफ केलंस."

"मग हेच देऊ?"

"आई खोकत असताना अक्का अशी कधी पुढं गेली न्हाय." त्या सावकाश बोलत होत्या, त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी पहिल्यांदा ऐकला. "आईला दम लागला की अक्का थांबायची. मी चिडायचो. म्हणायचो, अगं, तिचं रोजचंच हाय, तू वाजव. ती म्हणायची, तिला दम लागलाय, आपण पळून जायचं व्हय पुढं?" मग सालं झटकत म्हणाल्या, "हे खोटं हाय पोरी. पोरांस्नी खोटं ऐकवायचं, आन् खरं वाजवा म्हणायचं?"

तशाच लसणाच्या हातानं त्या वर गेल्या. सचिवांच्या दारातूनच म्हणाल्या, "तास काढा. खोकला न्हाय काढत मी."

मी पत्रक काढलं. 'ऐकण्याचा तास वाचवा.' आधी बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "सगळीकडं वरडलीयस," त्या म्हणाल्या. "खरं लिवलंयस, पण दम टाकाय जागाच न्हाय. माणूस मधी बोलणार कवा?" मला राग आला. पण त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पत्रकात मध्यावर एक जागा मोकळी असते. छापणारा दर वेळी विचारतो, इथं काही राहिलंय का. मी म्हणते, नाही, ते तसंच ठेव.

पालकांची सभा झाली. आले थोडे. आले त्यातले बरेच म्हणाले, ऐकणं वगैरे ठीक आहे, पण मुलाला काय येतं ते दिसलं पाहिजे, गॅदरिंगला स्टेजवर काहीतरी झालं पाहिजे. ज्यांच्या घरात ते रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं जेवताना वाजलं, ज्यांची पोरं त्या खोलीत सुरात आली, ती माणसं खाली मान घालून बसली. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. सानिकाची आई तेवढी उठली. "आमच्या गोठ्यात रोज लागतंय त्ये. म्हस ऐकती," ती म्हणाली. "तुमास्नी काय झालं?" सगळे हसले. सचिवही हसले, आणि हसत हसत पुढच्या विषयावर गेले. माणसांना ओरडून गप्प करतात हे मला माहीत होतं. हसूनही करता येतं, ते त्या दिवशी बघितलं.

खोली गेली. खुंट्यांवरची व्हायोलिनं शाळेची होती, ती कपाटात कुलूपबंद झाली. आजही तिथंच आहेत. तारा उतरवल्यात की नाही, कुणास ठाऊक. जिन्याखाली कीबोर्ड आले. मुलांना हेडफोन दिले गेले, म्हणजे एकाचं दुसऱ्याला ऐकू यायला नको. बाईंना मी हे सांगितलं. "एकमेकाचं बी न्हाय?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी विषय काढला नाही परत.

त्या घरी शिकवायला लागल्या. शाहूपुरीतली दोन खोल्यांची जागा, तीच सतरंजी, तोच ढीग. ज्यांच्याकडे स्वतःचं व्हायोलिन होतं ती मुलं यायची; सानिकाच्या आईनं दुधाच्या पैशातून तिला जुनं एक घेतलं होतं. मग कुणाचा स्कॉलरशिपचा वर्ग त्याच वेळेला आला, कुणाची ट्यूशन आली, कुणी न सांगताच बंद झालं. बाई कुणाला फोन करून बोलवायच्या नाहीत. येणाऱ्यालाही रागवायच्या नाहीत. फक्त ढीग लहान होत गेला, कारण तो सोलायला हात कमी होत गेले.

शेवटी भेटले तेव्हा त्या कॉटवर बसून एकट्या लसूण सोलत होत्या. छातीचं दुखणं चांगलंच वाढलेलं. चार शब्दांनंतर खोकला यायचा, आणि तो मी आधी ऐकलेला होता. लहानपणापासून, जेवताना, उठताना, झोपताना ऐकलेला होता. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

"आईचाच हाय," बाई म्हणाल्या. "दुसरं काय ठेवणार हुती ती." जरा दम घेऊन त्या हसल्या. "आता रेकॉर्डिंग कशाला लागतंय? मीच खोकतो. पोरं फकस्त न्हाईत."

मी फोन काढला. अक्कांचा भूप लावू का म्हणून विचारलं.

"लाव. पण मधी बोलू नको माझ्यासंगं. मी ऐकतोय."

लावला. त्यांनी डोळे मिटले, बोटं मात्र चालूच होती. सालं मांडीवर पडत होती. मी जायला उठले तेव्हा भूप संपून बराच वेळ झाला होता आणि त्या अजून ऐकतच होत्या. ती आमची शेवटची भेट. थंडी सरायच्या आत बाई गेल्या.

शोकसभा शाळेनं घेतली. खोली काढून घेणाऱ्यांनी हॉल दिला, हार दिला, माईक दिला. सचिवांनी भाषण केलं. नादब्रह्म, तपश्चर्या, संस्थेची कधीही भरून न येणारी हानी. मी मागं उभी होते. माझ्या पर्समध्ये पत्रकं होती, वाटायची ठरवून आणलेली. वाटली नाहीत. समोर सतरंजीवर बाईंच्या घरी सगळ्यांत जास्त टिकलेली मुलं व्हायोलिनं घेऊन बसली होती. सानिका कडेला. आता चांगली उंच झालेली.

मुलांनी भूप सुरू केला. माईक नको म्हणाली होती पोरं, तरी हॉल सुरानं भरला. स्थायी संपली, आणि सगळे गज एकदम वर गेले.

शांत. पंखे तेवढे ऐकू येत होते. त्या जागेत कुणीच खोकलं नाही.

आणि सचिवांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, संपलं. त्यांचं बघून पहिल्या रांगेनं वाजवल्या, मग सगळ्या हॉलनं. पोरं गज वर धरून तशीच बसली होती. टाळ्या थांबायची वाट बघत होती. दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबायचं, एवढं त्यांना कुणी न सांगता येत होतं. पण निवेदकानं माईक घेतला, बालकलाकारांचे आभार मानले आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. एकेक गज खाली आला. अंतरा राहिला.

मी बाहेर येऊन बस स्टॉपवर उभी राहिले. बाहेर आले नसते तर त्या सभेत मी काय बोलले असते ते मलाच माहीत नाही. थोड्या वेळानं सानिका आणि तिची आई आल्या. सानिकानं व्हायोलिन पेटीत घातलं नव्हतं. एका हातात ते, दुसऱ्या हातात गज. रिक्षा हॉर्न देत होत्या, समोरच्या क्लासमधून पोरं सुटत होती.

"पेटीत घाल की ते," मी म्हटलं. "धक्का लागंल कुणाचा."

"ऱ्हायलंय की," सानिका म्हणाली.

तिनं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, गज तारांवर नेला, आणि तसाच वर ठेवला. वाजवेना. मला वाटलं, रस्त्यात लाज वाटतीय. तिची आई लेकीकडं बघत होती. पहाटेच्या अंधारात, म्हशीच्या कासेला हात लावून जे तिनं वर्षानुवर्षं ऐकलं होतं, त्यातलं आता काय यायचं राहिलंय, ते त्या स्टॉपवर फक्त तिला माहीत होतं. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"हं," ती म्हणाली. "वाजव."

सानिकानं अंतरा घेतला. गडमुडशिंगीची बस आली. आम्ही ती जाऊ दिली.